फुप्फुसाचा कर्करोग : निदानानंतरचे पहिले नव्वद दिवस

कर्करोग म्हटला कीं माणसाचें आयुष्य आतां सर्वस्वीं रोगाच्याच हातीं गेलें, असें सामान्यतः समजलें जातें. फुप्फुसाच्या कर्करोगासंबंधीं तर ही समजूत विशेष दृढ आहे. परंतु या रोगाचें निदान झालेल्या रुग्णांकडे बारकाईनें पाहिलें, तर त्यांपैकीं कांहीं दोन-तीन वर्षें, क्वचित् त्याहूनहि पुष्कळ अधिक जगतात, आणि कांहीं मात्र निदानाचा कागद हातीं पडल्यापासून तीन महिन्यांच्या आंतच दगावतात, असें दिसून येतें. या दुसऱ्या प्रकारास शीघ्र मृत्यु असें म्हणतां येईल. वैद्यकीय अभ्यासांत त्याची मर्यादा पुष्कळदां नव्वद दिवसांची धरलेली असते. हा फरक कशामुळें पडतो? तो केवळ दैवाचा खेळ आहे, कीं त्याला ओळखतां येण्याजोगीं कारणें आहेत? आणि कारणें असतील, तर त्यांतलीं कोणतीं माणसाच्या आटोक्यांतलीं आहेत?

प्रथम रोगाच्या स्वरूपाविषयीं. फुप्फुसाच्या आंतल्या भागास वेदना जवळजवळ कळतच नाहीं. त्यामुळें तेथें वाढणारी गांठ लिंबाएवढी झाली तरी दुखेलच असें नाहीं. ती फुप्फुसावरील आवरणाला, बरगडीला किंवा मोठ्या श्वासनलिकेला भिडली म्हणजे मग छातींत दुखणें, न थांबणारा खोकला, थुंकींतून रक्त पडणें, दम लागणें हीं लक्षणें दिसूं लागतात. या रोगाच्या चार अवस्था मानतात. लोक त्यांना ‘स्टेज’ या इंग्रजी नांवानेंच ओळखतात. पहिल्या अवस्थेंत गांठ एका जागीं असते व शस्त्रक्रियेनें ती काढून टाकतां येते. अशा रुग्णांपैकीं बहुसंख्य लोक पांच वर्षांनंतरहि हयात असतात. चौथ्या अवस्थेंत रोग मेंदू, हाडें, यकृत किंवा दुसरें फुप्फुस येथपर्यंत पोंचलेला असतो. भारतांत बहुतेक रुग्णांचें निदान तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेंतच होतें, आणि शीघ्र मृत्यूचें सर्वांत बलवान कारण हेंच होय. रोगाची जातहि विचारांत घ्यावी लागते. कांहीं रुग्णांस ‘लघुपेशी’ जातीचा कर्करोग होतो. तो इतक्या वेगानें पसरतो कीं, उपचार न झाल्यास रुग्ण बहुधा दोन ते चार महिन्यांत जातो. उलट औषधांना तो प्रारंभीं चांगली दादहि देतो. तेव्हां तेथें एकेका आठवड्याला किंमत आहे.

आतां हा आठवडा कोठें जातो, हें पाहण्यासाठीं कसाऱ्याचा रस्ता धरावा. मुंबईहून निघालेली मध्य रेल्वेची उपनगरी गाडी कल्याणनंतर टिटवाळा, आसनगांव, खर्डी अशीं स्थानकें घेत सुमारे १२० किलोमीटरांवर थळघाटाच्या पायथ्याशीं कसाऱ्याला थांबते. त्यापुढें उपनगरी गाडी जात नाहीं. लोहमार्ग या ठिकाणीं इ. स. १८६१ मध्येंच येऊन पोंचला. कसारा ज्या शहापूर तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील तानसा व भातसा या जलाशयांचें पाणी मुंबईची तहान भागवितें. म्हणजे मुंबईशीं या मुलखाचा संबंध जुना आणि रोजचा आहे. गाडींत बसल्यावर अडीच-तीन तासांत दादर अथवा परळ गांठतां येतें, आणि परळास टाटा मेमोरियल हें भारतांतील कर्करोगाचें अग्रगण्य रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ पासून उभें आहे. नकाशावर पाहिलें तर कसारा, शहापूर व मुरबाड येथील रुग्ण विदर्भांतील किंवा बिहारमधील रुग्णापेक्षां भाग्यवान म्हणावा लागेल.

परंतु रुग्णाचें अंतर नकाशावर मोजतां येत नाहीं. डोंगरांतल्या पाड्यावरून सडकेपर्यंत पायवाट, सडकेवरून जीप, मग स्थानक, मग गाडी, असा हा प्रवास आहे. मुरबाड तालुक्यांतील माणसास तर आधीं एस. टी.नें कल्याण गांठावें लागतें. या तालुक्यांत कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी अशा आदिवासी जमातींची मोठी वस्ती आहे. पावसाळ्यांत आवणीचीं कामें आणि दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबांचें भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर स्थलांतर, असें यांचें वर्ष चालतें. रुग्णालयांत एक दिवस घालविणें म्हणजे रुग्णाची आणि सोबत येणाऱ्याची अशी दोघांची मजुरी बुडणें होय. तपासणी एका दिवशीं, अहवाल दुसऱ्या दिवशीं, तुकडा काढण्याची तारीख पुढच्या आठवड्यांत, अशा चार-पांच खेपा पडल्या कीं घरांतली शिल्लक संपते आणि माणूस ‘आवणी झाल्यावर जाऊं’ असें म्हणून घरीं बसतो.

खेड्यांत राहणें हें शीघ्र मृत्यूचें एक कारण ठरूं शकतें, ही केवळ कल्पना नव्हे. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनीं ब्रिटनमधील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून २०१५ सालीं ‘थोरॅक्स’ या नियतकालिकांत एक निबंध प्रसिद्ध केला. नव्वद दिवसांच्या आंत दगावलेल्यांत पुरुष, वृद्ध, धूम्रपान न सोडलेले, गरीब वस्तींतले आणि ग्रामीण भागांत राहणारे लोक अधिक प्रमाणांत होते, असें त्यांस आढळलें. दुसरी गोष्ट याहूनहि विचार करण्यासारखी आहे. लवकर मरण पावलेले हे रुग्ण निदानापूर्वीं आपल्या डॉक्टरांकडे इतरांपेक्षां कमी नव्हे, तर अधिक वेळां गेले होते. म्हणजे ते आळसानें घरीं बसले नव्हते. दारापर्यंत ते पुनःपुन्हां आले होते, परंतु त्यांच्या खोकल्यामागें काय आहे, हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. जेथें प्रत्येक नागरिकास ठरलेला डॉक्टर व फुकट उपचार मिळतात, त्या देशाची ही कथा आहे.

आपल्याकडे या चुकामुकीला एक विशेष कारण आहे, तें म्हणजे क्षयरोग. फार दिवसांचा खोकला, थुंकींत रक्त, वजन घटणें, बारीक ताप, छातीच्या चित्रांत सावली, हीं लक्षणें क्षयाचींहि आहेत आणि कर्करोगाचींहि. ज्या भागांत क्षय घरोघर माहीत आहे, तेथें डॉक्टरांच्या मनांत तोच विचार प्रथम यावा, यांत नवल नाहीं. बहुतेक वेळां तो बरोबरहि असतो. अडचण होते ती थुंकींत क्षयाचे जंतु सांपडले नसतांहि केवळ सावली पाहून औषध सुरू केलें जातें तेव्हां. सहा महिन्यांचा तो क्रम रुग्ण निष्ठेनें पुरा करतो, आणि तेवढ्या अवधींत पहिल्या-दुसऱ्या अवस्थेंतील गांठ चौथ्या अवस्थेस जाते. यावर उपाय साधा आहे. थुंकीची जनुकीय तपासणी आतां सरकारी क्षयकार्यक्रमांत होते, ती करून घ्यावी. जंतु सांपडले नसतील आणि औषध सुरू करून महिना-दीड महिना लोटला तरी खोकला व वजन यांत सुधारणा नसेल, तर ‘हा दुसरा कांहीं रोग तर नाहीं ना?’ असें डॉक्टरांस स्पष्ट विचारावें व छातीचा सी. टी. स्कॅन आणि तुकड्याची तपासणी यांचा आग्रह धरावा. मात्र क्षयाचें औषध कोणीहि आपल्या मनानें बंद करूं नये. दोन्ही रोग एकाच छातींत नांदूं शकतात.

रोगाची अवस्था आणि जात यांच्या खालोखाल महत्त्वाची गोष्ट म्हणजे रुग्णाच्या अंगीं उरलेली शक्ति. न्यूयॉर्क येथील डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की यांनीं १९४८-४९ च्या सुमारास कर्करोगाच्या रुग्णाची हालचाल मोजण्यासाठीं शून्यापासून शंभरापर्यंतची एक मोजपट्टी बनविली. पुढें तिचेंच सोपें रूप प्रचारांत आलें. पूर्ववत् काम करणारा रुग्ण शून्यावर. जड काम न झेपणारा पण हिंडता-फिरता एकावर. काम सुटलेला, पण स्वतःचें सर्व करणारा आणि जागेपणींचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणाबाहेर असणारा दोनावर. निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणांत काढणारा तीनावर. आणि पूर्णपणें खिळलेला चारावर. पुष्कळदां ही साधी मोजणी रुग्णाचें भवितव्य महागड्या यंत्राइतकेंच स्पष्ट सांगते. शून्य किंवा एकावर असलेला रुग्ण कर्करोगावरील तीव्र औषधें, म्हणजे केमोथेरपी, सहन करूं शकतो. तीन किंवा चारावर पोंचलेल्यास तींच औषधें बहुधा अपाय करतात, म्हणून डॉक्टर तीं देण्यास कचरतात.

शक्ति कमी होण्याचीं कारणें अनेक आहेत. सहा महिन्यांत शरीराचें वजन शेंकडा पांचांहून अधिक घटलें तर तें धोक्याचें लक्षण समजावें. पंचेचाळीस किलो वजनाच्या मजुराच्या बाबतींत हा आंकडा सवा दोन किलोंचा होतो. एवढी घट सदरा सैल झाल्याखेरीज कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. रोगाच्या आधींच जो अर्धपोटीं आहे, ज्याचें रक्त कमी आहे, त्यास ही घट अधिक जाचते. वर्षानुवर्षें विडी ओढल्यानें फुप्फुसाच्या नळ्या आकुंचित झालेल्या असतात व हृदयहि दुबळें झालेलें असतें. विडी लहान, म्हणून तिचा अपाय लहान, ही समजूत चुकीची आहे. ती वारंवार विझूं पाहते, म्हणून ती ओढणारा सिगारेट ओढणाऱ्यापेक्षां अधिक झुरके घेतो, आणि तिच्या धुरांतील डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचें प्रमाण सिगारेटपेक्षां कमी नसतें.

येथें एक प्रश्न हटकून विचारला जातो : रोग झालाच आहे, आतां विडी-सिगारेट सोडून काय उपयोग? याचें उत्तर २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या रशियांतील एका अभ्यासानें दिलें आहे. आरंभींच्या अवस्थांतील ५१७ रुग्णांवर कित्येक वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. निदानानंतर धूम्रपान सोडलेले रुग्ण, तें चालूं ठेवणाऱ्यांपेक्षां मध्यम मानानें सुमारे २२ महिने अधिक जगले. इतका लाभ कित्येक महागड्या औषधांनींहि पदरांत पडत नाहीं.

तथापि हा केवळ धूम्रपान करणाऱ्यांचाच रोग, असें मानणें हेंहि शीघ्र मृत्यूचें एक कारण होऊन बसलें आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयांतून २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांतील ४८९ रुग्णांपैकीं सुमारे निम्म्या जणांनीं कधींच धूम्रपान केलेलें नव्हतें. लांकूडफांट्याच्या चुलीपुढें आयुष्य घालविणाऱ्या स्त्रीच्या छातींतहि तो धूर जातच असतो. विडी न ओढणाऱ्या पन्नाशीच्या बाईचा खोकला ‘दम्याचा’ अथवा ‘हवेचा’ म्हणून महिनोन् महिने काढ्यावर काढला जातो, आणि शहरांतील सुशिक्षित घरांतहि असें घडतें.

वास्तविक अशाच रुग्णांना आशेचें एक दार उघडें असतें. भारतांतील या रोगाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या जातींत, दर चारांपैकीं सुमारे एका रुग्णाच्या गांठींत एका विशिष्ट जनुकाचा बिघाड सांपडतो, व धूम्रपान न करणाऱ्यांत त्याचें प्रमाण अधिक असतें. या बिघाडावर नेमकें काम करणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या तोंडानें घ्यावयाच्या असून पुष्कळांस घरीं राहून घेतां येतात. टाटा मेमोरियल येथील डॉक्टरांनीं अशा ३५० रुग्णांवर केलेला प्रयोग २०२० सालीं प्रसिद्ध झाला. गेफिटिनिब ही गोळी एकटी दिली असतां रोग मध्यम मानानें ८ महिने आटोक्यांत राहिला. तिच्या जोडीला केमोथेरपी दिली असतां तो १६ महिने आटोक्यांत राहिला, मात्र औषधांचा त्रासहि अधिक झाला. त्याहून लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, शक्तीच्या मोजपट्टीवर तीन-चारावर घसरलेल्या रुग्णांसहि या गोळ्या देतां येतात. जपानमध्यें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासांत, हा बिघाड असलेल्या व जवळजवळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णांपैकीं बहुतेकांची प्रकृति गोळ्यांनीं इतकी सुधारली कीं ते पुन्हां हिंडूं-फिरूं लागले. म्हणून ‘रुग्ण फार अशक्त आहे, आतां तपासण्या कशाला?’ असें म्हणण्यापूर्वीं जनुकाची तपासणी झाली आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें.

उपचार सुरू झाल्यावरहि कांहीं मृत्यु अचानक ओढवतात. केमोथेरपीनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तांतील पांढऱ्या पेशी अगदीं कमी होतात. त्या काळांत ताप १००.४ अंशांवर गेला, तर तो साधा ताप नव्हे. कांहीं तासांत जंतुनाशक औषध शिरेंतून मिळालें नाहीं, तर रुग्ण दगावूं शकतो. परळास औषध घेऊन कसाऱ्याजवळच्या पाड्यावर परतलेल्या माणसाला रात्रीं ताप भरला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहिली जाते, आणि ती रात्र जड जाते. त्यासाठीं घरीं तापमापक असावा, उपचाराचा कागद हाताशीं असावा, आणि शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचें ग्रामीण रुग्णालय यांपैकीं जें जवळ असेल तेथें रात्रीं कसें जावयाचें, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोठपर्यंत येते, हें आधींच ठरलेलें असावें. याचप्रमाणें एका पायास अकस्मात् सूज येऊन दम लागणें (रक्ताची गुठळी फुप्फुसांत गेल्याचें हें लक्षण असूं शकतें), चेहरा व मान सुजणें, पुष्कळ रक्त पडणें, पाठीच्या दुखण्याबरोबर पाय लुळे पडणें, एकाएकीं भ्रम होणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहूं नये.

आणखी एक उपाय असा आहे कीं, त्याचें नांव ऐकून लोक घाबरतात. वेदना, दम, भूक मंदावणें, झोप न लागणें, मनाची उदासी यांवर उपचार करणाऱ्या शाखेस वेदनाशामक शुश्रूषा म्हणतात. ती शेवटच्या आठवड्यासाठीं आहे, असा समज आहे. अमेरिकेंतील बोस्टन येथें रोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर केलेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, निदानानंतर लगेच ही शुश्रूषा सुरू झालेले रुग्ण मध्यम मानानें ११.६ महिने जगले, आणि केवळ नेहमींचे उपचार मिळालेले ८.९ महिने. पहिल्या गटांतील लोकांवर शेवटच्या दिवसांत त्रासदायक उपचारांचा मारा कमी झाला होता, आणि तरीहि ते अधिक दिवस व अधिक सुखानें जगले. टाटा मेमोरियलमध्येंहि या शुश्रूषेचा स्वतंत्र विभाग आहे. तेथें पाठविलें म्हणजे डॉक्टरांनीं हात टेकले, असा अर्थ रुग्णाच्या नातलगांनीं करूं नये.

या सर्व कारणांची यादी समोर ठेवली, तर वय आणि रोगाची जात हीं दोन माणसाच्या आटोक्याबाहेरचीं म्हणतां येतील. निदानाचा उशीर, क्षयाशीं होणारी गल्लत, घटतें वजन, चालूं राहिलेली विडी, न झालेली जनुकतपासणी, अंगावर काढलेला ताप आणि टाळलेली शुश्रूषा हीं मात्र तशीं नाहींत. त्यांतलीं बरींचशीं कारणें कर्करोगतज्ज्ञाच्या दालनांत घडत नाहींत. तीं घरांत, वाटेंत आणि पहिल्या दवाखान्यांत घडतात.

येथेंच शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा संबंध येतो. मुंबई, ठाणें, कल्याण येथील पुष्कळ घरांतून काम करणाऱ्या बाईचा बाप, इमारतीच्या पहारेकऱ्याचा भाऊ, दूध किंवा भाजी आणणाऱ्या माणसाची आई याच पट्ट्यांतल्या गांवीं असते. ‘बाबा तीन आठवडे खोकताहेत’ हें वाक्य कानीं पडलें, तर पैशांची मदत ही दुसरी पायरी होय. पहिली पायरी म्हणजे छातीचा फोटो व थुंकीची तपासणी या आठवड्यांत होते कीं नाहीं, हें विचारणें. निदान झालें असेल, तर तारखांचा कागद वाचून दाखविणें, दोन खेपांचें काम एका खेपेंत होईल अशी विनंती रुग्णालयांतील समाजसेवा विभागास करणें, रात्रीपुरता आसरा हवा असेल तर दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेची माहिती देणें, हें कोणालाहि करतां येईल. २०१२ सालीं सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नांवानें चालणारी राज्य सरकारची जन आरोग्य योजना कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च उचलते. तिच्यासाठीं शिधापत्रिका व ओळखपत्र रुग्णाबरोबर पहिल्याच दिवशीं असावें लागतें. तीं घरीं राहिल्यानें एक खेप वायां जाते. उपनगरी गाडीच्या अपंगांसाठीं राखलेल्या डब्यांत कर्करोगाच्या रुग्णासहि बसतां येतें, ही गोष्टहि पुष्कळांस ठाऊक नसते, आणि दमेकरी झालेला माणूस दारांत उभा राहून कसाऱ्यापर्यंत जातो.

फुप्फुसाचा कर्करोग हा अद्यापि कठीण रोग आहे, आणि पसरलेल्या अवस्थेंत तो समूळ बरा होईल असें वचन कोणताहि प्रामाणिक डॉक्टर सहसा देणार नाहीं. परंतु तीन महिने आणि दोन वर्षें यांत फार मोठें अंतर आहे. तेवढ्या काळांत मुलीचें लग्न होतें, जमिनीचे कागद मुलांच्या नांवें होतात, नातवंड चालूं लागतें, आणि माणसाला आपल्या माणसांचा निरोप नीट घेतां येतो. हें अंतर कांहीं अंशीं तरी राखणें ज्या गोष्टींवर अवलंबून आहे, त्यांतली पहिली गोष्ट अगदीं साधी आहे : तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, मग तो कोणाचाहि असो, तपासून घेतल्यावांचून सोडूं नये.